येसबानं बसवलेला जोड

एका गावात एक भोळा जोडारी होता. येसबा त्याचं नाव. अंगात रेड्याचं बळ, आणि सांगावं तेवढंच, तसंच करणार!

म्हादबा मिस्त्रींच्या कारखान्यात तो कामाला लागला. तिथं प्लास्टिकच्या टाक्यांचे माणसाहून उंच साचे बनायचे. लोखंडाचे जाड पत्रे एकावर एक रचायचे, मधे तांब्याची पातळ पट्टी घालायची, शिकंज्यात आवळायचं आणि भट्टीत ढकलायचं. तांबं वितळलं की सगळे थर एकजीव.

पहिल्याच दिवशी येसबानं पत्रे पुसले आणि पुसायचं फडकं मधेच विसरला. भट्टीतून साचा आला तो जबडा वासूनच!

"अरे देवमाणसा," मिस्त्री म्हणाले, "जोडायचं तिथं मधे फडकं ठेवतात का? दिसलं की ओढून काढ!"

"काढतो की."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी एक तापलेला पत्रा फडक्यात धरून उचलला. येसबाला फडकं दिसलं. त्यानं ते खस्सकन ओढलं. पत्रा खाली पडला आणि मिस्त्री हात झटकत अंगणभर नाचले.

"माझा हात पत्र्याला जोडायचा होता का रे?"

"मला काय ठाऊक? तुम्ही घट्ट धरला होतात."

पुढं एकदा साचा लालबुंद असतानाच येसबानं शिकंजा सोडला. थर सरकले, साचा वाकडा झाला. आता मात्र मिस्त्रींचं डोकं फिरलं.

"गार होईस्तोवर दाबून धरायचं! कुणी कितीही बोंबललं तरी सोडायचं नाही! यापुढं शिकवलेलं विसरलास, तर घरी बसायचं."

येसबानं घरी जाऊन सगळं सांगितलं. बायको हौसा म्हणाली, "अहो, नोकरी गेली तर खायचं काय? नीट पाठ करा!" बिचारा उठता-बसता घोकत राहिला. मधे फडकं नको. गार होईस्तोवर सोडायचं नाही.

अशात मिस्त्रींच्या लेकीचं, कमळचं लग्न निघालं. मोठ्या मुश्किलीनं जमलेलं. वरपक्ष म्हणजे नाकावर राग. येसबा नवे कपडे घालून अगदी पुढं उभा राहिला. शेजारची म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "आता ही दोघं एक होणार बघ."

येसबानं नीट बघितलं. इकडं नवरी, तिकडं नवरा. आणि मधे? हे एवढं मोठं फडकं! दोन भटजी मुद्दाम धरून उभे!

त्यानं हिसडा मारून अंतरपाट ओढला. मंगलाष्टकं घशातच अडकली. येसबानं नवरा-नवरीला दोन्ही हातांनी कवटाळून एकमेकांवर घट्ट दाबलं.

"सोड! अरे, सोड त्यांना!" मिस्त्री ओरडले.

"तुम्हीच म्हणालात, कुणी कितीही बोंबललं तरी सोडायचं नाही!"

वरमाई किंचाळली. मांडव हसून लोळायला लागला. काहींनी तर अक्षताही टाकल्या.

"येसबा, बाबा, तुझ्या पाया पडतो," मिस्त्री रडकुंडीला आले. "कधी सोडणार?"

येसबानं एका हातानं दोघांना तसंच दाबून धरत दुसरा हात नवऱ्याच्या गालाला लावून बघितला. मग कमळच्या गालाला लावला.

"अवघड आहे, मिस्त्री," तो म्हणाला. "गार व्हायचं सोडून ही दोघं जास्तच तापायला लागलीत."