पहिला भाडेकरू

गावाबाहेरच्या माळावर त्र्यंबकशेठांनी दुकानांचे गाळे बांधले आणि गिऱ्हाइकांना ते दाखवायला नेमके गुरांच्या बाजाराच्या दिवशी नेऊ लागले. त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसे.

खानावळ चालवणाऱ्या सगुणाबाईंना आता म्हातारपणी भाड्यावर निवांत बसायचं होतं. जन्मभराची पुंजी घेऊन त्या शेठजींच्या चौकातल्या पेढीवर आल्या.

“घ्या डोळे मिटून!” शेठजी गरजले. “गाळा एक दिवस रिकामा राहिला, तर मिशा उतरवीन.”

“मिशांचं मी काय करू?” सगुणाबाई म्हणाल्या. “ही पेढी तुमची स्वतःची का हो?”

“छे, भाड्याची.”

“मग ठरलं! गाळा मी घेते, पण पहिले भाडेकरू तुम्ही. इथल्यापेक्षा निम्मं भाडं लावते, करार पाच वर्षांचा. उचला गादी!”

शेठजींच्या तोंडून निघून गेलं, “अहो बाई, बाजार उठला की त्या माळावर कुत्रंही फिरकत नाही! माझा धंदा बुडवता काय?”

पेढीवरची माणसं खो खो हसली. सगुणाबाईंनी पैशांची पिशवी पुन्हा कमरेला खोचली.

“तुमचा बुडायला नको, तसा माझाही नको. दुपारी जेवायला या, शेठजी. खरं बोललात, म्हणून आज ताट फुकट!”