जड पाहुणे

त्या शिवारात सगळे पोटभर खात, पण अंगी कुणाच्याच लागत नसे.

वरच्या ओहोळातून, पाण्याबरोबर, दोन जड पाहुणे आले होते: शिसे आणि त्याचा धाकटा भाऊ कॅडमियम. दिसायला सभ्य, बोलायला कमी. मातीने पाट मांडला, आणि ते बसले ते उठेचनात. पालकाच्या पानापानांत त्यांनी बिऱ्हाड थाटले. पालक तरीही हिरवागार दिसे. तो खाणारा ससा मात्र वाळत चालला.

चुना मदतीला आला. "मला चुना लावायला आलास होय?" माती म्हणाली.

"लावून तर बघ," म्हणत तो पालकाच्या वाफ्यात पसरला. तिथे पाहुण्यांची फिरती थांबली. घर मात्र त्यांनी सोडले नाही.

"माझ्या वाफ्यातले मी नेते," मोहरी म्हणाली. तिने त्यांना मुळांनी ओढून देठात, पानांत घेतले, आणि एके दिवशी ती वाळून गेली. त्या शिवारात मरणाऱ्याला एकच निरोप असे: मातीचं मातीला. मोहरीलाही सगळ्यांनी मानाने तिच्याच वाफ्यात निजवले. ती कुजली. पाहुणे तिच्या पानांतून उतरून पुन्हा जागेवर येऊन बसले.

पुढच्या हंगामात तिची लेक उगवली.

"बुवा, आईने नेले होते ना यांना?" तिने गांडुळाला विचारले.

"नेले होते. आपणच परत आणले, कौतुकाने."

"म्हणजे मला इथे निजता यायचं नाही."

"मुळासकट जावं लागेल, पोरी. त्या उंच कातळावर."

"तिथे माती?"

"कणभर नाही. मी येईन पोचवायला."

"तुम्ही नकोच. बांधापर्यंत जाता जाता पुढचा हंगाम उजाडेल."

गांडूळ हसले. मग तीही हसली.

त्या हंगामात ती अधाशासारखी प्यायली. वाळल्यावर तिने शेंगा वाफ्यात झटकल्या. दाण्यांत पाहुणे फारसे शिरले नव्हते, आणि काम एका पिढीचे नव्हते. मग साळिंदराला बोलावून ती म्हणाली, "एकही मूळ मागे ठेवू नकोस."

कातळ उन्हाने तापला होता. मोहरी त्यावर कोरडी पसरली, पाहुण्यांना अंगात घट्ट धरून. खाली तिच्या वाफ्यात, जिथून मुळे उपटली होती त्या प्रत्येक भोकाच्या तोंडाशी, गांडुळांनी ताज्या मातीच्या बारीक गोळ्या वर आणून ठेवल्या होत्या.