सतरावा आला तर

"आणि सतरावा आला तर?"

कान्हूबाबांनी अगदी असंच विचारलं. गोष्ट शपथेवर खरी आहे, मी स्वतः तिथं होतो. म्हणजे नव्हतो, पण गिरणाकाठच्या त्यांच्या मठात जेवून आलेला एक जण मला भेटला होता, आणि पोटभर जेवलेला माणूस सहसा खोटं बोलत नाही.

बाबा आता थकले होते. कोठीची किल्ली त्या दुपारी कुणाच्या तरी हाती द्यायची होती. किल्ली ज्याच्याकडे, मठ त्याच्याकडे.

त्यांच्या शिष्याला, हेरंबाला, ती हवी होती. आपली लायकी दाखवायला त्यानं एक आकडा शोधून आणला होता. सात लाख वीस हजार सातशे वीस.

"एकापासून सोळापर्यंत कशानंही भागा बाबा, बाकी शून्य. याहून लहान आकड्याला हे जमत नाही."

तेवढेच दाणे मोजून त्यानं कोठीत तांदूळ भरला होता. पंगतीला दोघं असोत की तेरा, वाटा दाण्याला दाणा सारखा.

मठाची रीत मात्र वेगळी. पातेलं कधी खरवडायचं नाही, तळाशी घासभर भात ठेवून झाकायचं. हेरंबाला हा सगळा गबाळेपणा वाटे. त्या दुपारी त्यानं शीत न शीत वाटलं, पातेलं घासलं आणि पालथं घातलं.

बाबा अजून पत्रावळीवरच होते. तिथूनच त्यांनी सतराव्याचं विचारलं.

"सतरानं भागलं तर पाच उरतात," हेरंब नाइलाजानं म्हणाला. "म्हणून सतराव्याला घ्यायचंच नाही. दारावर तसं लिहून लावू."

"पाच उरतात?" बाबांचा चेहरा खुलला. "मग हे आधी नाही का सांगायचं, लेका?"

"बाबा, उरणं म्हणजे भागाकार फसणं."

"असं होय..."

बाबांनी हात लांब करून पातेलं सुलटं केलं. आपल्या पानावरचा अर्धा भात त्यात सारला. वर झाकण ठेवलं.



"आता तुमचाच वाटा कमी पडला," हेरंब म्हणाला. "सगळा मेळ बिघडला. किल्ली द्यायची नसेल तर तसं सरळ सांगा ना."

बाबांनी कमरेची किल्ली सोडली. ती त्याच्या तळव्यावर ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून वर मिटवली.

दाणे मोजल्याचं मी पदरचं घातलं, ते सोडून द्या. भागाकार खरा आहे, करून पाहा. आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून बाबा जे बोलले, तेही खरं.

"तू पहिल्यांदा या दारात आलास ना, तेव्हा पंगत उठून गेली होती. भात उरला होता."