सैल दोर

विहिरीवर बैल मोटेने पाणी ओढत, त्या काळची गोष्ट. चांद्या बैल मोटेला नवा होता. दिवस मावळला की तो गव्हाणीपुढे नुसता उभा राही. कडब्याला तोंड लावायचंही त्राण त्याच्यात उरत नसे. "हा असाच वाळत गेला तर बाजार दाखवावा लागेल," असं धनी एकदा म्हणाला, ते चांद्याने ऐकलं.

सकाळी त्याने जोडीच्या म्हाताऱ्या काजळ्याला विचारलं, "आबा, ओझं तर दोघांना सारखंच. मग तुमच्या पोटात घास जातो कसा?"

काजळ्याही थकलेलाच होता. तो म्हणाला, "भरलेली मोट मलाही जड लागते. पण ती रिती झाली की आपण मागं मागं येतो, तेव्हा दोर सैल असतो. तू तेव्हाही मान ताठच ठेवतोस. पुढची मोट आधीच ओढायला लागतोस."

पुढच्या खेपेला मोट रिती झाली आणि मागे सरताना चांद्याने पहिल्यांदाच मान सैल सोडली.

मोटा त्या दिवशीही तेवढ्याच झाल्या. पायही तसेच दुखत होते. संध्याकाळी धन्याने गव्हाणीत हात घातला, तर कडब्याची काडीही उरली नव्हती.