बाराव्या पानावरचा शिपाई

उपळेकर सर कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवायचे, म्हणजे एका गोऱ्या साहेबाचं सव्वाशे वर्षांपूर्वीचं पुस्तक वाचून दाखवायचे. साहेबाने डोंगरातल्या ठाकरांची डोकी पट्टीने मोजली होती आणि सर त्या आकड्यांवर अजून परीक्षेत प्रश्न काढायचे.

एके दिवशी त्यांनी वाचलं, "ठाकराला काहीही विचारा, तो 'हो, साहेब' म्हणतो. या जमातीला स्वतःचं मत नसतं." मग पुस्तक मिटून त्यांनी वर्गाला विचारलं, "पटलं ना?"

"हो, सर," सगळा वर्ग म्हणाला. फक्त ठाकरवाडीतून आलेली चांगुणा उघडे मान खाली घालून लिहीत होती.

"काय गं उघडे, तुमच्याच लोकांचं चाललंय आणि तुझं लक्ष नाही. काय लिहितेस ते वाच बघू."

चांगुणा उभी राहिली. "साहेबाच्या पद्धतीने नोंद करतेय, सर. या खोलीत चाळीस शिकलेली माणसं बसतात. त्यांना काहीही विचारा, ती 'हो, सर' म्हणतात. या जमातीला स्वतःचं मत नसावं."

"मूर्खासारखं बोलू नकोस. मुलं माझा मान राखतात."

"साहेबालाही तसंच वाटलं असेल. त्याच्या शेजारी बंदूकवाला शिपाई उभा असायचा, हे पुस्तकातच बाराव्या पानावर आहे. तुमच्या हातात इंटर्नलचे मार्क आहेत."

सर लालबुंद होऊन वर्गाकडे वळले. "मार्कांच्या भीतीने तुम्ही 'हो' म्हणता, असं हिचं म्हणणं आहे. साफ खोटं आहे ना हे?"

"हो, सर," सगळा वर्ग म्हणाला.

चांगुणाने तेवढं वहीत उतरवून घेतलं.