कासवबाईंचा निवृत्तीचा अर्ज

विषय : वनकचेरीतील जुन्या भाषेस निवृत्त करणेबाबत.

जंगलात संगणक नव्हते, हत्ती होते, तेव्हाची गोष्ट. तळ्याचे दार उघडण्याचे हुकूम कासवबाई आपल्या लांबलचक भाषेत देत. मैना ते हत्तीला कळणाऱ्या शिट्टीत उतरवी. पदरचे काही घालत नसे. हत्ती बदलला की मैना नवी शिट्टी शिके. हुकूम तेच राहत.

नवा कारभारी कोल्हा वैतागला. "बाई, किती बोलता! पोपट हेच दोन शब्दांत सांगतो."

"सांगू दे की. मी सुटले," म्हणत बाईंनी अर्ज दिला.

पोपट ओरडला, "पाणी सोड!" मैनेने शिट्टी घातली, हत्तीने दार ओढले आणि खालच्या वाळूतली सुसरीची अंडी वाहू लागली. बाईंच्या हुकुमात 'सुसर वाळूत बसलेली नसल्यास' असे शब्द होते. कोल्ह्याने ते फापटपसारा म्हणून गाळले होते.

बाईंनी घाईघाईने, म्हणजे पूर्ण वाक्यात, दार लावायला सांगितले. अर्धी अंडी वाचली.

"बाई, नवे शब्द जरूर शिका," कोल्हा नरमला, "पण जुना एकही टाकू नका."

"आणि माझा अर्ज?"

बाई नवे शब्द शिकल्या. मैना पुढच्या हत्तीची शिट्टी शिकते आहे. अर्जावर 'पर्याय मिळताच सादर करावा' असा शेरा आहे. अर्ज प्रलंबित आहे.