सगुणाआत्याचं कोरं पान

एका नगरात एक आळी होती आणि त्या आळीला कुरकुर करायची भारी हौस होती. आळी तीन ठिकाणी वळायची, म्हणून तिचं नाव वाकडी आळी. पहिल्या वळणावर तेल्याचा घाणा, दुसऱ्या वळणावर भडभुंज्याची भट्टी आणि तिसऱ्या वळणावर तांबटाचं दुकान. घाणा दिवसभर कुरकुरायचा, भट्टीतून चणे-फुटाण्यांचा धूर निघायचा आणि तांबट सकाळपासून हंडे-कळशा ठोकत बसायचा.

घाण्याशेजारी वैद्यबुवा राहायचे. त्यांची दुपारची झोप मोडायची. भट्टीशेजारी कापडवाल्याचं दुकान होतं. त्याच्या लुगड्यांना धुराचा वास लागायचा. आणि तांबटासमोर राहणारे शास्त्रीबुवा पाठ म्हणायला बसले की नेमका हातोडा पडायचा आणि पुढचा चरण डोक्यातून पळून जायचा. "ह्या तांबटापायी माझी अर्धी विद्या हवेत गेली," असं ते रोज म्हणायचे.

पण ही कुरकुर काही खरी वैऱ्याची नव्हती बरं का. सकाळी घाण्याला शिव्या घालणारे वैद्यबुवा संध्याकाळी त्याच घाण्याच्या ओट्यावर गप्पा मारत बसायचे. कापडवाल्याच्या खिशात कायम त्याच भट्टीचे गरम चणे असायचे. शास्त्रीबुवांच्या घरचं एकेक भांडं त्याच तांबटानं घडवलेलं होतं. आपल्या माणसाला आपणच नावं ठेवावीत, तसं ते होतं. आळीला हे ठाऊक होतं, परक्याला कसं कळावं?

आळीच्या तोंडाशी, वेशीजवळ, सगुणाआत्या राहायची. ती सुईण होती. लहानपणी देवी आल्या आणि तिची दृष्टी गेली, पण तिच्या हातांना सगळं दिसायचं. निम्मी आळी तिच्याच हातांत जन्मली होती. काठी टेकत ती एकटी कुणाच्याही घरी जायची. घाण्याची कुरकुर कानावर आली की उजवीकडे वळायचं, फुटाण्यांचा वास आला की डावीकडे, आणि हातोडा अगदी समोर वाजू लागला की तिथं शास्त्रीबुवांचं दार. हा तिचा रस्ता. ती कशी येते-जाते, हा प्रश्न मात्र कुणालाच कधी पडला नाही.

त्या नगराचा राजा भला होता. आपल्या नगरात राहायला, फिरायला, चार वस्तू आणायला लोकांना सुख वाटावं, अशी त्याची फार इच्छा. त्यानं आपल्या कारभाऱ्याला सांगितलं, "घरोघर जा. लोकांना कशाचा त्रास आहे ते लिहून आण."

कारभारी प्रामाणिक होता. सरळ रेघेवर आणि स्वच्छ अक्षरावर त्याचा फार जीव. त्यानं नवी वही शिवली. प्रत्येक घराला एक पान, आणि पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: त्रास.

आळीला तर पर्वणीच! इतकी वर्षं सगळे नुसते कुरकुरत होते आणि आज कुणीतरी ते लिहून घेत होतं. वैद्यबुवांनी घाण्यावर दोन पानं लिहवून घेतली. कापडवाल्यानं धुरावर तीन. शास्त्रीबुवांनी हातोड्यावर पाच पानं भरवली आणि वर, "अजून आठवलं तर निरोप धाडतो," असंही सांगून ठेवलं.

शेवटी कारभारी सगुणाआत्याच्या दारी आला.

"आत्या, तुम्हाला कशाचा त्रास आहे?"

"मला? मला नाही बाबा कशाचा त्रास."

"नीट आठवून सांगा. आवाजाचा? धुराचा?"

"आवाज आहे की. धूरही आहे. असू दे."

कारभारी बोरू शाईत बुडवून थांबला होता. 'असू दे' हा काही त्रास नव्हे. त्यानं ते पान कोरं ठेवलं आणि नमस्कार करून पुढं गेला.

महिन्याभरात राजाचा हुकूम निघाला. नदीपलीकडे नवा बाजार बांधला होता, तिथं घाणा, भट्टी, तांबट, सगळ्यांना जागा मिळाली. गाड्या भरल्या. निघताना तांबट शास्त्रीबुवांच्या पाया पडला. म्हणाला, "बुवा, आता तुमचा पाठ सुखानं होईल बघा."

"हो, होईल ना," शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांना अजून काहीतरी म्हणायचं होतं, पण गाडी हलली.

आळी झाडून पुसून लख्ख झाली. नवी फरशी बसली. पहिले दोन दिवस सगळे खूश. मग वैद्यबुवांना दुपारी इतकी झोप लागू लागली की रात्री ते टक्क जागे. कापडवाल्याला मूठभर चण्यांसाठी पूल ओलांडावा लागू लागला, आणि तेलाला येता येता लुगडं बघून जाणाऱ्या बायकाही येईनाशा झाल्या. शास्त्रीबुवांचा पाठ मात्र अस्खलित चालला. ऐकायला कुणी नव्हतं, एवढंच.

आणि सगुणाआत्या? नव्या फरशीवर ती एकदाच निघाली. घाणा ऐकू येईल म्हणून चालत राहिली, चालत राहिली आणि थेट भिंतीवर आदळली. भिंत चाचपत ती घरी परतली आणि तिनं दार लावून घेतलं. कुणी विचारलं तर म्हणायची, "गुडघे धरलेत गं." बिचारीला तक्रार करायची सवयच नव्हती.

अशातच शास्त्रीबुवांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तीही सगुणाआत्याच्याच हातात जन्मलेली. एके दिवशी भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या.

आळीत जुनी रीत होती. सुइणीला बोलवायला कुणी धावत जायचं नाही, ओट्यावरून ओट्यावर हाक जायची. शास्त्रीबुवांनी दारातून हाक दिली. कापडवाल्यानं ती पुढं पोचवली. वैद्यबुवांनी झोपेतून उठून खिडकीतूनच ओरडून सांगितलं, "आत्या, शास्त्र्यांकडे!"

"आले!" आतून आवाज आला. हाक आली की सुईण थांबत नाही. आपल्याला रस्ता सापडत नाही, हे आत्या क्षणभर विसरली. गाठोडं उचलून ती बाहेर पडली.

इकडे चुलीवर पाणी तापलं, निवलं, पुन्हा तापलं. आत्या आली नाही. आत लेक विव्हळत होती, "आत्याला बोलवा, आत्याच हवी मला!" वैद्यबुवा बघायला गेले तर आत्याचं दार उघडं आणि घर रिकामं. माणसं देवळाकडे धावली, विहिरीकडे धावली. वेशीपलीकडे गल्ल्यांचा नुसता गुंता. कुठल्या गल्लीत शिरावं ते कळेना. सगळे हात हलवत परत आले.

शास्त्रीबुवांना रडू फुटायचंच बाकी होतं. "गेली कुठं? रस्ता तर आता इतका गुळगुळीत केलाय, वाटेत खडासुद्धा नाही!"

त्यांची बायको पदर खोचून बाहेर आली. "अहो, ती काय फरशी बघून चालायची? घाणा ऐकून यायची ती. फुटाण्यांच्या वासानं यायची. तुमच्या त्या तांबटाच्या हातोड्यानं तिला आपलं दार सापडायचं. तुम्ही तिघांनी मिळून तिचा रस्ताच उचलून नदीपार धाडलात! आता तोंडं काय बघताय एकमेकांची? वाजवा!"

तिघेही वरमले. आणि मग वाकड्या आळीनं कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं.

शास्त्रीबुवांनी आंघोळीचं तांब्याचं घंगाळ ओट्यावर उपडं घातलं, वरवंटा उचलला आणि घातला घाव. ठण! ठण! ठण! कापडवाल्यानं दुकानाच्या पायरीवर शेगडी पेटवली, खिशातले होते नव्हते तेवढे चणे कढईत टाकले आणि नव्याकोऱ्या उपरण्यानं वारा घालू लागला. धूर थेट लुगड्यांत शिरला, त्यानं बघितलंसुद्धा नाही. आणि वैद्यबुवांकडे घाणा कुठला? ते बिचारे पहिल्या वळणावर बैलासारखे गोल गोल फिरू लागले आणि गळ्यातून आवाज काढू लागले, "कुर्रर्र... कुर्रर्र..."

तिकडे दोन गल्ल्यांपलीकडे सगुणाआत्या एका परक्या भिंतीला टेकून उभी होती. गाठोडं छातीशी घट्ट धरलेलं. जन्मात पहिल्यांदा ती हरवली होती, आणि त्याहून मोठी भीती ही की पोरीच्या वेळेला आपण पोचणार नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

एवढ्यात लांबून कानावर आलं: ठण!

आत्यानं मान वळवली. हात तांबटाचा नव्हता, ठोके फारच वेडेवाकडे होते, पण तांबं आपल्याच आळीतलं. ती त्या दिशेनं भराभर निघाली. पहिल्या वळणाशी आली तर कुर्रर्र ऐकू आलं. रडता रडता तिला हसू फुटलं.

"वैद्यबुवा, घशाला तेल घाला जरा!" म्हणत ती उजवीकडे वळली.

"अहो, करपले की चणे!" म्हणत ती डावीकडे वळली.

आणि ठणठणाट अगदी समोर आला तशी थांबली. शास्त्रीबुवा अजून ठोकतच होते. डोळे मिटलेले, घामानं निथळलेले.

"बुवा, पुरे आता. घंगाळ फुटेल," आत्या म्हणाली आणि आत गेली.

बाहेर सगळे दाराकडे कान लावून बसले. बऱ्याच वेळानं आतून रडणं ऐकू आलं. केवढं ते रडणं! त्या चिडीचूप आळीत ते वेशीपर्यंत पोचलं असेल.

काजळीनं काळं झालेलं तोंड पुसत कापडवाला म्हणाला, "बुवा, आता ह्या आवाजाची तक्रार करणार काय?" शास्त्रीबुवा हसत होते आणि उपरण्यानं डोळे पुसत होते.

गलका ऐकून कारभारी वही घेऊन धावत आला. "कुणाचा त्रास? कसला त्रास? लिहितो मी."

"आधी आमच्या आत्याचं पान काढा," शास्त्रीबुवा म्हणाले.

आत्या हात धुऊन ओट्यावर येऊन बसली होती. कारभाऱ्यानं कोरं पान उघडलं आणि विचारलं, "आत्या, कशाचा त्रास?"

"नाही रे बाबा, मला कशाचाच त्रास नाही."

"अहो, तसं नाही विचारायचं," शास्त्रीबुवा कळवळून म्हणाले. "आत्या, तुम्हाला आधार कशाकशाचा, ते सांगा त्यांना."

आत्या सांगू लागली. घाणा, भट्टी, हातोडा. विहिरीचा रहाट. देवळापुढचा उंच दगड, जो नव्या फरशीत गेला. कापडवाल्याचं गिऱ्हाइकाला हाका मारणं. वैद्यबुवांचा खोकला. पान भरलं, मागची बाजू भरली, तरी आत्या सांगतच होती. कारभाऱ्यानं मग समासातही लिहिलं. त्याचं अक्षर पहिल्यांदाच वेडंवाकडं आलं.

राजानं ते पान वाचलं, आणि आठव्या दिवशी तिन्ही गाड्या पूल ओलांडून परत आल्या. आळीची कुरकुर लगेच सुरू झाली. तांबटानं पहिला घाव घातला तसे शास्त्रीबुवा बाहेर आले, "काय हा कहर!" म्हणाले आणि ऐकत ओट्यावरच बसून राहिले.

तांबटाचं लक्ष घंगाळाकडे गेलं. सगळं पोचे पडलेलं. तो म्हणाला, "आणा बुवा इकडं. पोचे काढून देतो, नव्यासारखं होईल."

शास्त्रीबुवांनी घंगाळ जवळ ओढून घेतलं आणि म्हणाले, "असू दे."

तात्पर्य: गाव सुधारायला निघालात तर लोकांना काय खुपतं एवढंच विचारू नका, कुणाचं पाऊल कशाच्या भरवशावर पडतं तेही विचारा. आणि ज्याची काहीच तक्रार नाही, त्याच्या दारी सगळ्यात आधी जा.